कुठं न जाणारे फोटो

"ह्याच्यातनं फोटो कुठं जात तर नाय ना?"

वच्छलाबाईंनी असं विचारलं आणि काउंटरमागचा पोरगा बुचकळ्यात पडला. जालना रोडवरचं ते काचेचं दुकान, आत गारेगार हवा, कपाटात एकाला एक लागून मांडलेले कॅमेरे. गिऱ्हाइकांनी त्या पोराला आजवर नाना प्रश्न विचारले असतील, पण हा नवा होता. तरी पोरगा पढवलेला, लगेच सावरला.

"जातात ना मॅडम! तेच तर याचं फीचर आहे. वाय-फाय आहे, ब्लूटूथ आहे. इकडे बटन दाबलं की तिकडे मोबाईलमध्ये. मुलगा परदेशात असतो का तुमचा?"

"पुण्याला असतो."

"मग तर बोलायलाच नको! एका सेकंदात पोचेल."

आता पुणं जवळ म्हणून फोटो लवकर पोचतो, हे या पोराला कुणी शिकवलं होतं देव जाणे. वच्छलाबाईंनी तो कॅमेरा उचलून काचेवर परत ठेवला.

"मला न जाणारा पायजे."

"मॅडम, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं की."

"बंद केलेलं उघडता पण येतं," वच्छलाबाई म्हणाल्या. "मला मुळात तसलं काय नसलेलाच दाखव."

पोरानं मदतीसाठी इकडंतिकडं बघितलं. मग, तसे कॅमेरे आता येत नाहीत, कुणी घेत नाही, असं त्यानं सांगून टाकलं. बोलताना तो जरासा हसला. ते हसू बाईंनी बरोबर हेरलं. "दात नंतर काढ," म्हणाल्या, पदर सावरला आणि बाहेर उन्हात आल्या.

बाई काही खुळ्या नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तोंडानं फटकळ होत्या, ते कबूल. पाचोडचं माहेर. नवरा पाटबंधारे खात्यात होता, त्याच्या नोकरीपायी सिडकोत एन-नऊला घर झालं. घराच्या पुढच्या खोलीत वच्छलाबाईंनी पिठाची गिरणी घातली आणि वीस-बावीस वर्षं चालवली. दिवसभर माणसं डबे घेऊन यायची, दळण होईस्तोवर ओट्यावर टेकायची आणि जगाच्या चौकश्या करायची. पुढं नवरा गेला, बाईंना खोकला लागला, आणि पोरानं, ऋतुराजनं, गिरणी विकायला लावली. "आई, आता कशाला दगदग?" म्हणाला. त्याचंही काही चुकलं नव्हतं. पण दगदग गेली तशी माणसंही गेली, आणि आपलं घर एवढं मोठं आहे हे वच्छलाबाईंना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तो फोनही ऋतुराजनंच दिला होता. स्वतः शेजारी बसून शिकवलं. "रोज एक तरी फोटो ग्रुपवर टाकत जा आई, म्हणजे तू बरी आहेस हे आम्हाला कळेल." ग्रुपचं नाव 'आपली माणसं'. त्यात पोरगा, सून मोनिका, दीर-जावा, भाचे-पुतणे, सगळी भरलेली.

पोरानं सांगितलं म्हणून बाईंनी सुरुवात केली आणि हळूहळू त्यांना गोडी लागली. टम्म फुगलेली भाकरी. दोरीवर वाळणारी साडी आणि तिच्यातून आलेलं ऊन. रिकाम्या गिरणीच्या खोलीत व्यायलेली मांजर. साठ वर्षं जे नुसतंच समोरून गेलं होतं, ते आता त्या थांबून बघायला लागल्या. पहिले पहिले दिवस ग्रुपवर "वा काकू!" व्हायचं, लाल बदाम यायचे. मग नुसता अंगठा यायला लागला. मग तोही कुणी दाखवीना. खाली दोन निळ्या खुणा तेवढ्या उमटायच्या, म्हणजे बघितलं आणि पुढं गेले.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? ज्याच्या घरात बोलायला माणूस आहे त्यानं हे म्हणावं. वच्छलाबाई फोटो टाकायच्या, फोन कट्ट्यावर उताणा ठेवायच्या आणि भाजी चिरता चिरता त्याच्याकडं बघत राहायच्या. कुणी कधी बघितलं हे शोधून काढायचं कसब त्यांनी स्वतःचं स्वतः शिकून घेतलं होतं. ऋतुराजनं सकाळीच बघितलेलं असायचं. बघितलंय तर एक शब्द लिहायला काय हात झडतात का, असं वाटायचं, आणि मग, कामात असंल बिचारा, असंही वाटायचं. सगळा दिवस या दोन वाटण्यांच्या मध्ये लोंबकळत जायचा.

हेही त्यांनी चालवून घेतलं असतं. पण एके दिवशी बहिणीचा पोरगा सत्यम पाचोडहून ज्वारीचं पोतं घेऊन आला. हातपाय धुऊन जेवायला बसला आणि पहिल्या घासालाच म्हणाला, "मावशी, श्रेयाचा गॅदरिंगचा डान्स बघितला का? लई भारी नाचली."

श्रेया म्हणजे ऋतुराजची पोरगी. तिसरीत असलेली, एकुलती एक नात.

"कुठं बघितला तू?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"ग्रुपवर टाकला की दादानं. थांब, दाखवतो." सत्यमनं उजव्या हाताची बोटं चाटली, डाव्या हातानं फोन काढला, आणि मग एकाएकी त्याचं बोट थबकलं. मान खाली गेली, कान लाल झाले. "नाय... ते दुसरीकडं असंल बहुतेक."

बाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला. वर नाव होतं, 'आपली माणसं २'. पोरगा होता, सून होती, जावा होत्या, सगळे झाडून होते. श्रेयाचे वाढदिवस होते, नाच होते, कुणाच्या साखरपुड्याच्या गप्पा होत्या आणि हसून लोळणारी पिवळी तोंडं होती. सगळं होतं, फक्त वच्छलाबाई नव्हत्या.

"मावशी, तसं काय नाय गं," सत्यम चाचरत म्हणाला. "फोटोंनी मोबाईल भरतो ना, म्हणून... कुणाच्या मनात काय नसतंय."

ते मात्र खरं होतं. कुणाच्या मनात काही नव्हतं. वाईटही नव्हतं आणि वच्छलाबाईही नव्हत्या. भांडून तोडलं असतं तर भांडता तरी आलं असतं. बाईंनी फोन परत दिला आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. पोट भरल्यावरही पोरानं ती मुकाट्यानं खाल्ली.

त्या दिवसापासून बाईंनी फोटो टाकणं बंद केलं. ग्रुप सोडला नाही, कारण सोडला की सगळ्यांना दिसतं आणि मग कुणीतरी कीव करून फोन करतं. कीव नको होती. पण हाताला लागलेली सवय सुटेना. ऊन भिंतीवर आलं की हात फोनकडं जायचा, आणि फोटो निघाला की अंगठा आपसूक त्या हिरव्या खुणेकडं वळायचा. दोनदा तर त्यांनी टाकला आणि लगेच पुसला. 'हा मेसेज काढून टाकला आहे' एवढी पाटी तिथं उरली, ती बघून त्यांची त्यांनाच लाज वाटली. मग त्यांनी मनाशी पक्कं केलं. फोटो काढायचे, पण ज्यातून कुठं जाताच येणार नाही अशा कॅमेऱ्यानं. न धाडता आलं म्हणजे वाट बघणंही थांबेल. कॅमेऱ्याकडून त्यांना एवढंच हवं होतं.

औरंगपुऱ्याचं दुकान रिक्षावाल्यानं सांगितलं. गल्लीत दोन मोटरसायकली समोरासमोर आल्या तर एकाला मागं सरावं लागेल एवढीच वाट. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. पुढं तिशीतला अल्तमश, आणि मागं दिव्याखाली, एका डोळ्याला भिंग लावून एक उघडा कॅमेरा पुढ्यात घेऊन बसलेला त्याचा बाप नूरमोहम्मद.

"या मावशी, बसा," अल्तमशनं स्टूल पुढं सरकवलं. "काय काढायचंय? लग्नं, पक्षी, रील?"

"रोजचं."

"रोजचं म्हंजे?"

"म्हंजे रोजचं. भाकरी. वाळवण. मांजर. आणि त्यातनं फोटो कुठं जाता कामा नाय."

अल्तमश हसला नाही. नुसता "अच्छा" म्हणाला आणि कपाटाकडं वळला. वच्छलाबाईंना तो तिथंच आवडला.

पहिला काढला तो मोठा, काळा, पुढं तोंड आलेला. "फोटो एक नंबर येतो," अल्तमश म्हणाला. बाईंनी पट्टा गळ्यात घालून बघितला आणि लगेच काढला. "हा गळ्यात घालून मी भाजीला गेले तर लोक म्हणतील, बाई वार्ताहर झाली. आणि मान मोडंल ते वेगळंच."

"मग रोज नाही घेणार तुम्ही. घरात पडून राहील."

"तेच म्हणते."

दुसरा छोटा होता, पण त्याला बटनं नव्हती, सगळं काचेवर बोट लावून. भांडी घासून आणि पीठ चाळून बाईंच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालेली की फोनसुद्धा तीनदा दाबल्याशिवाय ऐकत नसे. कॅमेऱ्यानंही ऐकलं नाही. तिसऱ्याचं झाकण उघडून डोळा बाहेर यायला एवढा वेळ लागला की बाई म्हणाल्या, "तोवर मांजर शेजारच्या घरी जाऊन दूध पिऊन यील."

मग अल्तमशनं खालच्या खणातून एक काढला. रुपेरी, तळहातात मावणारा, एका कोपऱ्यावर खरचटलेला. दहा-बारा वर्षं जुना असेल. "वाय-फाय नाही, ब्लूटूथ नाही, काही नाही," तो म्हणाला. "आजकाल कॉलेजची पोरं हेच हुडकत येतात. बटनं हाताला लागतात. हात थरथरला तरी सावरून घेतो. मनगटात दोरी अडकवा, पडायची भीती नाही."

"फोटो किती मोठा येतो?"

"कशाला पायजे मोठा? पोस्टर छापायचंय का?"

"पोस्टर मी मेल्यावर लागंल. ते पोरगा बघंल."

हे ऐकून मागं नूरमोहम्मद खुदकन हसले. बाईंनी कॅमेरा घेतला आणि पायरीवर येऊन उन्हात धरला, पडदा दिसतो का बघायला. दिसत होता. समोर बांगड्यांच्या दुकानाबाहेर एक बाई हात पुढं करून बसलेली आणि बांगड्या भरणारा तिची बोटं दाबून दाबून हात लहान करत होता. वच्छलाबाईंनी बटन दाबलं. बारीक टिक् झालं. पडद्यावर बाईचा चुरगळलेला चेहरा आला, दुखतंय आणि तरी हौस आहे असा. वच्छलाबाईंना तो इतका आवडला की त्या पायरीवरच उभ्या राहून बघत राहिल्या.

"हाच," त्या आत येऊन म्हणाल्या.

भावाची घासाघीस झाली, बाई दोन वेळा उठून निघाल्यासारखं करून परत बसल्या, चहा झाला. अल्तमश कार्ड कसं घालायचं ते दाखवत होता, तेव्हा नूरमोहम्मदनी डोळ्यावरचं भिंग वर केलं.

"आपा, एक बात पुछूं क्या? भेजना नहीं, तो दिखाना किसकू है?"

"कुणालाच नाय," वच्छलाबाई म्हणाल्या. "माझं मला."

म्हातारा "अच्छी बात है" म्हणाला आणि परत स्क्रूत गुंतला. त्याला वाईट म्हणायचं नव्हतं. पण बाईंना घरी पोचेपर्यंत रिक्षात त्याचा राग येत राहिला. दिखाना किसकू है म्हणे! सगळ्या गोष्टी काय कुणाला दाखवायसाठीच असतात का?

आणि पहिले काही आठवडे खरंच झकास गेले. मनगटाला कॅमेरा अडकवून बाई हिंडायला लागल्या. टीव्ही सेंटरच्या चौकात कणसं भाजणारी बाई काढली. दौलताबादला बसनं जाऊन आल्या, किल्ला चढल्या नाहीत, पण खाली रस्त्याकडेला लावलेले सीताफळांचे ढीग आणि ते राखत पेंगणारा म्हातारा काढला. घरी येऊन खुर्चीत बसायचं, बटनानं एकेक पुढं सरकवायचं. खाली खुणा नाहीत. निळ्या नाहीत, करड्या नाहीत. कुणी बघितलं आणि कुणी नाही याचा हिशेबच नाही. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला पडलेला असायचा आणि बाईंना त्याची आठवणही व्हायची नाही.

असं त्या स्वतःला सांगायच्या. खरं म्हणजे दिवसातून एकदा आत जाऊन त्या फोन बघून यायच्याच. आपण काही टाकत नाही, हे कुणाच्या लक्षात आलंय का, एवढंच बघायला. ग्रुपवर कुणीतरी सुप्रभात टाकलेलं असायचं, फुलं आणि सुविचार. बाईंचं नाव कुठं नसायचं. दसरा गेला, दिवाळी आली. दिवाळीला ऋतुराजला सुट्टी एवढीशी, ती मोनिकाच्या माहेरी नगरला गेली. दर रविवारी त्याचा फोन मात्र यायचा, न चुकता. "बरी आहेस ना?" "बरी हाय." "गोळ्या?" "घेते." "काही लागलं तर सांग." काय लागलं ते सांगायचं बाईंच्या अगदी जिभेवर यायचं, तोवर तिकडं दुसरा फोन वाजायचा.

मग तो पाण्याचा दिवस आला. या शहरात नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखाच. सगळी गल्ली रस्त्यावर, मोटारींची घरघर, पाइपांचं जाळं. बाईंनी आपली टाकी भरून घेतली आणि कॅमेरा काढला. नेमका तेव्हाच समोरच्या सारजाबाईंचा पाइप नळावरून निसटला, सापासारखा उसळला आणि सारजाबाई डोक्यापासून पायापर्यंत न्हाल्या. त्यांचा आ वासलेला, शेजारणींच्या हातातल्या बादल्या तिरक्या, सगळ्या हसून वाकलेल्या, आणि उन्हात पाण्याचा एकेक टपोरा थेंब हवेत थांबलेला. टिक्.

घरात येऊन बाईंनी तो फोटो बघितला आणि त्यांना हसू आवरेना. पोटात दुखेस्तोवर हसल्या. हसता हसता "अगं बाई, हे बघ तरी" म्हणत वळल्या, कॅमेरा पुढं केला, आणि पुढं कपाट होतं.

कपाटाला काय दाखवणार? बाईंचा हात तसाच राहिला. सारजाबाईंना नेऊन दाखवावा म्हटलं, तर पाण्याच्याच पाइपावरून उन्हाळ्यात दोघींचं कडाक्याचं भांडण झालेलं, तेव्हापासून बोलणं बंद. त्यांच्या पलीकडच्या घरात नवीन भाडेकरू, दार सदा लावलेलं. वच्छलाबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांना लई एकटं वाटलं. उगाच आडपडदा कशाला, रडूच आलं त्यांना, चांगलं हुंदके देऊन. नवरा गेल्यावर रडल्या होत्या ते चार माणसांत रडल्या होत्या. हे असं ऐकायला कुणी नसलेलं रडणं त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते कधी थांबवायचं तेही कळेना. वाट बघणं थांबावं म्हणून त्यांनी न जाणारा कॅमेरा घेतला होता. फोटो जायचे तेवढे थांबले. वाट बघणं तसंच राहिलं.

त्यानंतरच्या रविवारी ऋतुराजचा फोन आला. बरी, गोळ्या, सगळं नेहमीचं झालं. मग तिकडं त्याचा दुसरा फोन वाजला.

"आई, एक मिनिट हं, ऑफिसचा आहे. श्रेयाशी बोल तोवर."

फोन इकडून तिकडं गेला. मग पोरीचा आवाज, भांडायच्या तयारीनं आल्यासारखा.

"आजी, तू फोटो का टाकत नाहीस?"

वच्छलाबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय गं?"

"फोटो! मी रोज सकाळी बाबांच्या फोनवर बघायचे, शाळेची बस यायच्या आधी. आता नसतातच. ती मांजरीची पिल्लं केवढी झाली? त्या काळ्याचं नाव ठेवलं का तू?"

सकाळी सकाळी उमटणाऱ्या ज्या दोन निळ्या खुणांवर त्या इतके महिने जळत होत्या, एक शब्द लिहायला याचे हात झडतात का म्हणून ज्याला मनातल्या मनात बोल लावत होत्या, तो ऋतुराज नव्हताच. ही बसली होती, दप्तर पाठीला लावून. तिला शब्द लिहायचा कुठं ते ठाऊक नव्हतं, किंवा बापाच्या फोनवरून लिहायची परवानगी नव्हती.

"आजी, आहेस का?"

"हाय गं, हाय. मोठी झाली पिल्लं. काळं लई वांड झालंय." बाईंनी शेजारचा कॅमेरा हातात घेतला. "मी नवा कॅमेरा घेतलाय, त्याच्यात काढते आता."

"मग त्यातले पाठव ना!"

"त्यातनं जात नाहीत फोटो."

"का?"

"तसाच हाय तो."

"मग तसला कशाला घेतलास?"

जालना रोडच्या पोरानं विचारलं नाही ते नऊ वर्षांच्या पोरीनं विचारलं. काय सांगणार? तुझ्या बापानं मला सोडून दुसरा ग्रुप केला म्हणून घेतला, असं सांगणार? पोरीला काही उत्तराचं पडलेलं नव्हतं, ती पुढं निघूनही गेली होती.

"त्यात मी आहे का?"

बाईंनी कॅमेरा हातातच धरला होता. कणसंवाली होती. पेंगणारा म्हातारा होता. बांगड्या भरणारी अनोळखी बाई होती, अबोला धरलेल्या सारजाबाई होत्या. कार्ड अर्धंअधिक भरलं होतं आणि त्यात आपलं म्हणावं असं एक माणूस नव्हतं. कॅमेरा घेताना त्यांनी एवढंच बघितलं होतं, की यातून काही जाता कामा नये. त्यात काही येणारही नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नाय बाळा," त्या म्हणाल्या. "यात समोर असंल तेवढंच येतं."

"मग तू इकडे ये ना. मी उभी राहते समोर."

किती सोपं करून टाकलं पोरीनं! पण वच्छलाबाईंच्या घरची रीत अशी होती, की लेकाचा संसार वेगळा झाला म्हणजे आईनं त्याच्या घरी बोलावणं आल्याशिवाय जायचं नाही. त्यांच्या सासूनं ती पाळली, आईनं पाळली. बोलावणं म्हणजे सुनेनं स्वतःच्या तोंडानं "या" म्हटलेलं. "कधीही या की," हे बोलावणं नव्हे, ते तर दारावर आलेल्या कुणालाही म्हणतात. मोनिका फोनवर दर वेळी "कधीही या" म्हणायची, आणि तिला बिचारीला हे ठाऊकच नव्हतं की पलीकडं एक बाई नुसत्या "या"ची वाट बघत बसलीय. तिला वाटत असेल, यांनाच यायचं नसतं.

"बाबा!" श्रेया तिकडं ओरडत होती. "आजी येतेय! माझे फोटो काढायला!"

फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज झाला. कुणीतरी काहीतरी बोललं, कुणीतरी उत्तर दिलं. शब्द कळले नाहीत, पण वच्छलाबाईंनी कान दुखेस्तोवर फोन दाबून धरला. मग ऋतुराज आला.

"आई, अगं ये ना, कधीही ये. फक्त आत्ता हिची परीक्षा आहे, मोनिकाचंही ऑडिट चाललंय... जरा पुढच्या महिन्यात बघू या का?"

एरवी बाई "बरं" म्हणाल्या असत्या. आजवर म्हणतच आल्या होत्या. पण आज त्यांना राग आला, आणि नशीब, रडायच्या आधी आला.

"परीक्षा तिची हाय, तिला देऊ दे. मी काय पेपराला बसत नाय. मला बोलावणं आलंय."

"कुणाचं?"

"श्रेयाचं. शनिवारी सकाळच्या एसटीनं निघते. घ्यायबिय येऊ नको, माझं मी येते."

"आई, अगं—"

"ठेवते," वच्छलाबाई म्हणाल्या आणि ठेवला.

सासूनं बघितलं असतं तर काय म्हणाली असती! म्हणू दे. बाईंनी लगेच पिशवी काढली. दोन लुगडी, गोळ्या, पोरीसाठी शेंगदाण्याचे लाडू करायचे तर गूळ आणायला हवा. गाडी कितीची, ते सत्यमला विचारू. पुण्याला उतरायचं, बाहेर यायचं, रिक्षा करायची आणि सांगायचं, की चल...

कुठं चल?

बाई पिशवीवर हात ठेवून थांबल्या. ऋतुराजनं गेल्या वर्षी भाड्याचं घर बदललं होतं. जुन्या घरी त्या एकदा बारशाला गेल्या होत्या, या नव्या घरी कधीच नाही. पण फोटो आले होते की, पहिल्या ग्रुपवर, ढीगभर! बाईंनी फोन घेतला आणि मागं मागं जात ते सगळे काढले. स्वयंपाकघर, ओट्याखालच्या सरकत्या ट्रॉल्या. निळे पडदे. बाल्कनी, तिच्यात तुळस. फरशी कसली, नळ कसले, श्रेयाच्या भिंतीला रंग कुठला, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. बाल्कनीतून दिसणारे समोरचे इमले बोटांनी ओढून मोठे करून बघितले. कुठं पाटी नव्हती, कुठं नाव नव्हतं. सत्यमला विचारता आलं असतं. पण माझा पोरगा कुठं राहतो, हे भाच्याला विचारायला जीभ उचलेना.

त्यांनी ऋतुराजचा नंबर लावला, पहिली घंटा वाजायच्या आत कापला. परत लावला.

"हां आई, बोल. काय झालं? नाही जमत का शनिवारी?"

"जमतंय," वच्छलाबाई म्हणाल्या. "राजा, तुझं घर कुठं हाय रे?"